अल्माझच्या पातेल्यात दोन पळ्या तूप

साताऱ्यात परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, अमेरिकेत काय काय पाहिलं? मी खरं ते सांगते: कांदा पाहिला. लोकांना वाटतं, ही नेहमीसारखी चेष्टा करतेय. पण त्या देशातल्या मुक्कामातला सगळ्यात चांगला आठवडा मी सिएटलमधल्या एका घरात, शेगडीसमोर उभी राहून, पातेल्यातल्या कांद्याकडे बघत घालवला. आणि तो कांदाही मला धड भाजता येत नाही, असं तिथल्या बाईचं मत होतं.

हा अपमान केवढा ते कळावं म्हणून आधी माझ्याबद्दल सांगते. साताऱ्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. वर्षानुवर्षं मी आणि माझ्या हाताखालच्या बायका मिळून अर्ध्या पेठेला जेवू घालतोय. लग्न ठरलेल्या मुली माझ्याकडे आमटी शिकायला येतात. मी बेलव्ह्यूला गेले होते ते भाचीकडे, सईकडे. सई तिथे मोठ्या कंपनीत आहे, काचेच्या इमारतीत राहते आणि डब्यातला पाला खाते. तिचं स्वयंपाकघर इतकं चकचकीत की तिथे फोडणी करायची म्हणजे देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं वाटायचं. ती ऑफिसला गेली की मी मॉल बघायचे, तलाव बघायचे, मग पुन्हा मॉल बघायचे.

एका संध्याकाळी तिने मला न विचारता ठरवून टाकलं. तिच्या ऑफिसातली मैत्रीण हाना. हानाचे आईवडील इथियोपियाचे, खूप वर्षांपूर्वी इकडे आलेले. हानाची आई घरी प्रवाशांना ठेवून घेते आणि तिकडचा स्वयंपाक शिकवते.

"आत्या, तुझं फिक्स केलंय मी," सई म्हणाली. "आफ्रिकन कुकिंग, विथ स्टे. फुल आठवडा. तू एन्जॉय करशील यार."

मला कोणी स्वयंपाक शिकवणार, ही कल्पनाच मला नवीन होती. पण मॉलपेक्षा बरं म्हणून तयार झाले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून पिशवीत बेसन, साबुदाणा, दाण्याचं कूट, हिंग आणि गोडा मसाला भरला. त्या बाईने एक पदार्थ शिकवला की आपण दोन शिकवायचे, असा माझा बेत होता.

मंगळवार, तलावापलीकडे

बेलव्ह्यूहून सिएटलला जायला तलावावर पूल आहे आणि तो चक्क पाण्यावर तरंगतो. सईने हे मला अर्ध्या पुलावर आल्यावर सांगितलं, ते बरं केलं. दक्षिणेकडे घरांच्या वर एक पांढराशुभ्र डोंगर उभा होता. तिथे ढग नसले की लोक एकमेकांना "आज माउंटन बाहेर आलाय" असं सांगतात. एरवी तो घरात बसलेला असतो, असं समजायचं.

हानाच्या आईचं, अल्माझचं घर उतारावर, पुढे मेपलची लालभडक पानं पडलेली आणि मागच्या परसात हातभर रुंद पानांची भाजी. अल्माझ माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. अंगावर पांढरी सुती ओढणी, गुडघ्याला पट्टा. नवरा तेस्फाये, आयुष्यभर सिटी बस चालवून आता खिडकीपाशी रेडिओ ऐकत बसणारा. मी नमस्कार केला. अल्माझने माझा चेहरा नंतर बघितला, आधी हात बघितले. बोटांवरचे जुने चटके तिला दिसले असणार, कारण तिने मान हलवली आणि मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. अडलं की हाना होतीच, तिने त्या आठवड्यात घरून काम घेतलं होतं.

पहिल्याच चहाला मला कळलं की या घरात सगळं काही शुक्रवारसाठी चाललंय. त्यांच्या चर्चमधल्या काही घरांचं एक मंडळ आहे. दर महिन्याला एका संताच्या नावाने एकेकाच्या घरी जमायचं, प्रार्थना करायची, जेवायचं. आपली भिशी आणि भजनी मंडळ एकत्र केलं तर होईल तसं. या महिन्यात पाळी अल्माझची होती. गेल्या वेळी तिची पाळी आली तेव्हा तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि हानाने जेवण हॉटेलातून मागवलं. मंडळातल्या सगळ्यात मोठ्या बाई, ज्यांना सगळे एमामा म्हणजे आजी म्हणतात आणि ज्यांच्याकडे अल्माझ स्वतः स्वयंपाक शिकली, त्यांनी त्या दिवशी एक घास खाल्ला, हात पुसला आणि पाणी मागितलं. अल्माझला ते वर्षभर टोचत होतं.

"शुक्रवारी सगळं माझ्या हातचं," तिने मला सांगितलं. तिच्या आवाजावरून मला कळलं की इथे साध्या जेवणावळीपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली आहे. तसल्या आजी आमच्याकडेही असतात.

मग तिने मला कांदे दिले. त्यांच्याकडे कुठलाही रस्सा कांद्यापासून सुरू होतो, आणि तो कांदा कोरड्या पातेल्यात भाजायचा, तेलाचा थेंब न घालता. मी विचारलं, तेल? ती म्हणाली, नंतर. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. नंतर. माझा हात आपोआप बाटलीकडे जात होता, तर तिने बाटली उचलून तेस्फायेच्या खिडकीत नेऊन ठेवली. माझा कांदा खाली लागला. तिने उलथनं माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः ढवळू लागली. आमटी शिकवणारी मी, स्टुलावर जाऊन बसले.

बुधवार

सकाळी कळलं की आज घरात उपवास आहे. बुधवार-शुक्रवार त्यांचा नेम असतो. अल्माझ दुपार उलटेपर्यंत पाणी सोडून काही घेत नाही. मला आदर वाटला, तो ताट येईपर्यंत टिकला. भलंमोठं गोल ताट, त्यावर पसरलेलं इंजेरा. हे आपल्या आंबोळीसारखं, आंबट, जाळीदार, पण ताटाएवढं. त्यावर लाल मसुराचा घट्ट रस्सा, परसातली पालेभाजी, कोबी-बटाटा, बीट. मी मोजायचं सोडून दिलं. आमच्याकडे आई चातुर्मासात मसुराला हात लावायची नाही, आणि इथे मसूर म्हणजे उपवासाचा राजा.

मी हानाला विचारलं, हा उपवास कसा? ती म्हणाली, "आंटी, नथिंग फ्रॉम ॲनिमल्स. बस, तेवढंच." मी समजल्यासारखी मान डोलावली. आम्हीही शाकाहारी, त्यात काय मोठं. दूध गायीचं असतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण गाय म्हणजे प्राणी आणि दूध-तूप म्हणजे प्राण्याचं, असा विचार माझ्या डोक्यात आजवर कधी शिरला नव्हता.

जेवताना आणखी एक प्रकार झाला. अल्माझने इंजेराच्या तुकड्यात मसूर गुंडाळला आणि सरळ नवऱ्याच्या तोंडात भरवला. मुलीसमोर, माझ्यासमोर. तेस्फायेने हूं की चूं न करता खाल्ला. मी पटकन बीटाकडे बघू लागले. मग तिने हानाला भरवला, आणि मग मोठा घास घेऊन हात माझ्याकडे वळवला. मी काय करावं? उजवा तळवा पुढे केला, खाली डावा लावला आणि घास प्रसादासारखा हातात घेतला. घरभर हसू पसरलं. याला गुर्शा म्हणतात, हाना म्हणाली. तो तोंडातच घ्यायचा असतो, आणि घास जेवढा मोठा तेवढी माया जास्त. मी म्हटलं, आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना भरवतात ते लग्नात, नाव घेऊन, फोटोग्राफरच्या सांगण्यावरून. त्यानंतर आमच्या ह्यांनी मला कधी भरवल्याचं आठवत नाही. अल्माझने तेस्फायेकडे बघितलं, त्यानेही तिच्याकडे बघितलं. त्या दोघांना बहुधा माझी दया आली.

गुरुवार

माझा गुरुवार असतो, तो मी परदेशातही मोडला नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी केली, भरपूर तुपातली, वर दाण्याचं कूट, बाजूला तळलेला बटाटा, सोबत कपभर गरम दूध. हे घेऊन मी बसले आणि अल्माझला सांगितलं, आज माझा उपवास. तिने दुधाकडे बघितलं, तुपाकडे बघितलं, बटाट्याकडे बघितलं. मग हानाकडे वळून त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली. हानाने त्यातलं थोडंसंच सांगितलं: "आई विचारतेय, मग उपवास नसतो तेव्हा तुम्ही काय खाता?"

मी तिला समजावलं की आमच्यात उपवासाला डाळ, भात, पोळी चालत नाही. आमच्या घरी तर तेलसुद्धा चालत नाही, तूपच लागतं. तूप कसं, कशालाही पवित्र करतं. ती मान हलवत राहिली. दोघींना एकत्र उपवास करायचा झाला तर मीठ घालून उकडलेला बटाटा तेवढा खाता येईल, असं आमचं ठरलं.

त्या दुपारी तिने मला त्यांचं मसाल्याचं तूप शिकवलं. लोणी मंद कढवायचं, त्यात आलं, लसूण, मेथी, वेलदोडा आणि वाळवलेली कसलीशी पानं. पूर्ण झालेल्या रश्श्यात शेवटी हे पळीभर घालायचं. हे घातल्याशिवाय रस्सा पुरा होत नाही, असं ती मला दोनदा म्हणाली. मी हे नीट लक्षात ठेवलं. फार नीट लक्षात ठेवलं, हेच पुढे नडलं. मग मी म्हटलं, आता आमचं साजूक तूप बघ. उरलेलं लोणी मी माझ्या पद्धतीने कढवलं, रवाळ, सोनेरी, मोठी बरणी भरून. तेस्फाये खिडकीतून उठून आला, त्याने बोटभर चाटलं आणि तो आठवड्यातलं पहिलं वाक्य बोलला. म्हणाला, ही बाई राहू दे.

बेसनाची पिशवी मात्र तशीच पडून होती. पिठल्याबद्दल कोणी विचारेना. मी एकदा विषय काढला, तर अल्माझने फडताळातून तिच्याकडचं चण्याचं पीठ काढून दाखवलं. आमच्यात याला शिरो म्हणतात, ती म्हणाली. त्यांच्याकडेही ते रोजचं, घाईचं, कोणी नसताना करायचं जेवण. पाहुण्यांना कोण घालतं? मी पिशवी पुन्हा कोपऱ्यात सरकवली.

शुक्रवार

सकाळपासून अल्माझ मोठ्या विजेच्या तव्यावर इंजेरा घालत होती. बाहेरून आत गोल गोल पीठ ओतायचं, झाकण, आणि पृष्ठभागावर डोळे उघडावेत तशी जाळी पडायची. उलटायचं नाही. मला आंबोळीची सवय, माझा उलथन्याचा हात सारखा शिवशिवत होता. गुडघा तिला साथ देईना, बसायला तर ती तयार नव्हती. शेवटी मसुराच्या मोठ्या पातेल्यातला कांदा ढवळायला तिने मला उभं केलं. सगळं स्वतःच्या हातचं करायचं म्हणाली होती, त्यामुळे वर तिने बजावलं, "हात माझाच समज."

मी समजले. तेल मागितलं नाही, इकडेतिकडे बघितलं नाही, जरा कोरडं वाटलं की चमचाभर पाणी. कांद्याचा रंग हळूहळू गुळासारखा झाला. मग तिने तेल, तिखट मसाला, लसूण, मसूर घातला. रस्सा मंद रटरटायला लागला. कांद्याबद्दल ती काही बोलली नाही. पण उलथनंही काढून घेतलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

मग ती आणि हाना चर्चमधून खुर्च्या आणायला गेल्या. पातेल्यावर लक्ष ठेव, एवढंच सांगून गेल्या.

आता माझ्या जागी कुठलीही मराठी बाई असती तर काय केलं असतं? रस्सा तयार होता. मी चव बघितली नाही, कारण देवाचं होतं. पण वर नुसता तेलाचा तवंग दिसत होता. मला कालचा धडा आठवला: शेवटी तूप, त्याशिवाय रस्सा पुरा होत नाही. बाई घाईत विसरली. त्यातून आज त्यांचा उपवास, आणि उपवासाच्या पदार्थात नुसतं तेल? आजींनी बघितलं तर काय म्हणतील? तिच्या मसाल्याच्या तुपाला हात लावायला मला संकोच वाटला, म्हणून मी माझी बरणी उघडली. दोन पळ्या. मोठ्या. वास असा सुटला की तेस्फाये खिडकीतून पुन्हा उठून आला. त्याने पातेल्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पळीकडे बघितलं आणि परत जाऊन रेडिओचा आवाज वाढवला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अल्माझ दारातच थांबली. नाक तिचं माझ्याहून तीक्ष्ण. मी अभिमानाने सांगितलं, तू विसरली होतीस, मी घातलं. ती खुर्ची धरून खाली बसली. हानाने मला समजावलं तेव्हा "नथिंग फ्रॉम ॲनिमल्स" या शब्दांचा अर्थ एकदम, सगळाच्या सगळा, माझ्या डोक्यात शिरला. अख्खं पातेलं उपवासाला बाद झालं होतं. मसूर संपला होता. नवीन आणला तरी कांदा भाजायलाच दुपार गेली असती, आणि मंडळी निघालीसुद्धा होती.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, पदराने डोळे पुसले. एवढ्या वर्षांत माझ्या हातून कोणाचं जेवण बिघडलं नव्हतं, आणि बिघडलं ते नेमकं हिचं. अल्माझ माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच गुडघा चोळत बसली होती.

मग मी कोपऱ्यातली पिशवी आणली. आमच्याकडे ऐनवेळी दहा माणसं दारात उभी राहिली तरी गृहिणी घाबरत नाही, ते एकाच पदार्थाच्या जोरावर. मी बेसन तिच्यासमोर ठेवलं.

"पाहुण्यांना शिरो?" ती म्हणाली. "एमामांना?"

मी म्हटलं, कोबी आणि पालेभाजी तुझी आहेच. मधली जागा मोकळी ठेवणार आहेस का? ती उठली.

त्यानंतर आम्ही दोघींनी जे केलं त्याला पिठलं म्हणायचं की शिरो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फोडणी माझी, लसूण दोघींची, तिखट मसाला तिचा. प्रत्येक वस्तू पातेल्यात टाकण्याआधी मी तिच्या नाकासमोर धरत होते. मोहरी तिने हुंगून जाऊ दिली. हिंगाची डबी उघडली तर ती दोन पावलं मागे सरकली, आणि हाना स्वयंपाकघरातून निघूनच गेली. तेल, फक्त तेल. एका हाताने पिठाचं पाणी ओतायचं, दुसऱ्याने घोटायचं, एकही गुठळी नको. झाकण ठेवलं तेव्हा बाहेर गाड्यांची दारं वाजू लागली होती.

प्रार्थना झाली. धूप झाला. ताटांभोवती सगळे बसले. एमामा अगदी लहानखुऱ्या, हातात काठी. त्यांनी इंजेराचा तुकडा तोडला, मधलं पिवळसर-लाल पिठलं उचललं, खाल्लं. हात पुसला नाही. आणखी एक घास घेतला. मग अल्माझला काहीतरी विचारलं. हानाने माझ्या कानात सांगितलं, त्या विचारतायत, हे तुझ्या हातचं ना?

खोलीत सगळे अल्माझकडे बघत होते. मी मनात म्हटलं, हो म्हण. हात माझाच समज, असं तूच म्हणालीस ना? नुसतं हो म्हण.

"नाही," अल्माझ म्हणाली. "हे हिच्या हातचं. आणि माझा मसूरही हिनेच बुडवला, तुपात."

असा हशा झाला की धुपाटणं हललं. एमामा हसल्या नाहीत. त्यांनी मोठा, फारच मोठा तुकडा तोडला, त्यात पिठलं आणि पालेभाजी भरली, काठी टेकत उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. या वेळी मी हात पुढे केला नाही. आ केला. घास इतका मोठा होता की मला ना चावता येईना ना बोलता. डोळ्यांतून पाणी आलं, तिखटाने नव्हे. इतकी वर्षं मी लोकांना वाढत आले. मला कोणी भरवावं असं मला वाटत होतं, हे मला त्या घासापर्यंत माहीतच नव्हतं. घास कसाबसा गिळला तर त्यांनी दुसरा पुढे केला. एकावर थांबत नाहीत, हाना म्हणाली.

नंतर कॉफी झाली, बिया समोर भाजून, तीन वेळा कप भरून, सोबत मक्याच्या लाह्या. एमामांनी जाताना पिठलं डब्यात भरून नेलं. अल्माझने तो डबा स्वतः बांधून दिला, त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून दिसतो.

शनिवार

सई मला न्यायला आली तेव्हा तेस्फाये टेबलाशी बसला होता आणि समोर ते कालचं बाद पातेलं होतं. शनिवारी त्यांचा उपवास नसतो. तो पहाटेपासून त्याचीच वाट बघत असावा, कारण पातेल्याचा तळ दिसू लागला होता. पुढच्या शुक्रवारीही चूक करायला ये, असं त्याने मला सांगितलं.

अल्माझने लाल मसाल्याची पुडी माझ्या पिशवीत घातली, बेसनाच्या रिकाम्या जागेत. मी नमस्कार केला. तिने खांद्याला खांदा लावून निरोप घेतला, एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे. मग मला थांबवलं. पातेल्यातला राहिलेला मसूर इंजेरात गुंडाळून तिने पहिला घास स्वतः खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली मी चव घेताना अशाच उभ्या असतात, हे तेव्हा आठवलं. दुसरा घास तिने माझ्या तोंडात भरला.

"कांदा चांगला भाजलास," ती म्हणाली.

बोलायला माझं तोंड मोकळं नव्हतं. सई दारातून हाका मारत होती. अल्माझने आणखी एक घास चाखला, डोळे मिटून नीट विचार केला आणि म्हणाली, "तूप जरा कमी पडलं."